नळ्या उभ्या ठेवाव्यात

"किती?" बाबांनी विचारलं.

"तीनशे नव्याण्णव."

"म्हणजे बाटाचा भाव." त्यांनी पोह्यांवरची कोथिंबीर चमच्याने बाजूला सारली. "एक कमी ठेवला की गिऱ्हाईक फसतं. पुन्हा बघ. मशीन झोपलं असेल."

मी लॅपटॉपवर पुन्हा पाहिलं. तीनशे नव्याण्णवच होते.

"रविवार आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "लोकांना घरंदारं आहेत. आज कोण तुमचं नाव लिहीत बसणार?"

"जपानात रविवार पाळत नाहीत, कुमुद."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्यांच्याकडे बघून कळतं. चारशेवा जपानीच असणार. सभ्य लोक."

मागच्या वर्षी ज्या सभ्य जपानी गृहस्थांनी बाबांचं नाव लिहिलं होतं, त्यांनी काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं. मी चहा प्याले.

आमच्या मिरजेच्या घरात 'सायटेशन' हा शब्द मीठमिरचीसारखा वापरला जाई. एखाद्या संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा हवाला दिला की त्या दुसऱ्याच्या खात्यावर एक सायटेशन पडतं. ज्याची जास्त, तो थोर. हवाला कशासाठी दिला, हे मोजणारं यंत्र विचारत नाही. लग्नपत्रिकेत खाली छापलेल्या आप्तेष्टांच्या नावांसारखंच ते. कोणाशी बोलणं आहे आणि कोणाशी कोर्टकचेरी, हे पत्रिकेवरून कळत नाही.

बाबा, म्हणजे डॉ. त्र्यंबक टिल्लू, इथल्या संशोधन संस्थेत जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. त्यांनी उभ्या आयुष्यात एक्केचाळीस निबंध लिहिले. त्यातल्या चाळिसांना मिळून एकोणीस सायटेशनं होती आणि त्यांतली अकरा त्यांनी स्वतःच दिलेली. "घरच्या कार्याला घरची माणसं तरी नकोत का?" असं ते म्हणत. उरलेल्या एका निबंधाला तीनशे नव्याण्णव होती. संस्थेच्या इतिहासात एवढी कोणाला नव्हती. मी पुण्याला एका कॉलेजात ग्रंथपाल. त्यामुळे हा आकडा काढून देण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे होतं. आधी सूचीचे जाडजूड खंड चाळून, नंतर संगणकावर. दर शंभरीला बाबा आंबा बर्फी आणत, आई ती देवापुढे ठेवी आणि मग मधुमेह असलेला माणूस पाव किलो बर्फी एकट्याने संपवी. सायटेशनची बर्फी रक्तात चढत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं.

तो निबंध त्र्याऐंशी सालचा. बाबांनी मिरज शहरातल्या आणि जत तालुक्यातल्या खेड्यांमधल्या बायकांचं रक्त तपासलं आणि जतच्या बायकांच्या रक्तात जस्त दुपटीने जास्त असल्याचं शोधून काढलं. दुष्काळी मुलुख, पोटभर खायला नाही, आणि रक्तात जस्त दुप्पट. कारण काय, तर ज्वारीची भाकरी. परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकात निबंध छापून आला. गावच्या वर्तमानपत्राने 'जतच्या भाकरीत दडलंय काय?' असा मथळा दिला. आमच्या घरी पोळ्या बंद झाल्या. दोन वर्षं आई रोज भाकऱ्या थापत होती. मी तेव्हा शाळेत होते आणि डब्यातली भाकरी मैत्रिणींपासून लपवून खात होते.

तीन वर्षांनी बाबांच्याच एका विद्यार्थ्याने निबंध छापला. जस्त जतच्या बायकांच्या रक्तात नव्हतं, रक्ताच्या नळ्यांना लावलेल्या रबरी बुचांत होतं. खेड्यातून येणाऱ्या नळ्या वाटेत आडव्या असत. रक्त बुचाला लागे आणि बुचातलं जस्त त्यात उतरे. शहरातल्या नळ्या उभ्या असत, म्हणून त्यांत ते नसे. भाकरीचा काही संबंध नव्हता. विद्यार्थ्याचं नाव जिनदत्त चौगुले. लवकरच तो बंगळूरला मोठा माणूस झाला आणि बाबांच्या निष्कर्षाला जगभर 'टिल्लू आर्टिफॅक्ट' म्हणजे टिल्लूंची चूक असं नाव पडलं. शास्त्रज्ञ आपलं नाव एखाद्या जंतूला तरी मिळावं म्हणून जन्मभर झुरतात. बाबांचं नाव चुकीला मिळालं.

हे सगळं मला कॉलेजात असताना कळलं. बाबांचं कौतुक वाचावं म्हणून मी एकेक हवाला काढून वाचत गेले आणि दुपारभरात माझे कान गरम झाले. प्रत्येकाने त्यांचं नाव 'असं करू नये' या सदरात घेतलं होतं. चौगुलेंचा निबंध मी तेव्हा इतक्यांदा वाचला की पाठच झाला. तसा तो रटाळ होता. फक्त एक वाक्य सुरेख होतं: "टिल्लू यांचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे; तो मोहक आहे, ही त्याची दुसरी चूक." इंग्रजीत ते अजून बोचरं वाटतं. ज्या माणसाने हात धरून शिकवलं त्याच्याबद्दल असं लिहिणाऱ्याचा मी मनापासून तिरस्कार केला. वाक्य सुरेख होतं म्हणून जरा जास्तच केला.

बाबांना हे ठाऊक असणारच. पण ते कधी त्याविषयी बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. आईला मात्र काहीच माहीत नसावं, अशी माझी खात्री होती. ती बर्फी देवापुढे ठेवून हात जोडायची. सायटेशनबद्दल कोणी हात जोडलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

त्या रविवारी दुपारी बाबांनी पाण्याचा फिल्टर उघडला, तो पुन्हा बसवता आला नाही, आणि दोष कंपनीला देऊन ते झोपले. संध्याकाळी मी पुण्याला निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले.

"बर्फी सांगून ठेवलीय," ते हळूच म्हणाले. "आईला बोलू नकोस."

"अजून एक बाकी आहे, बाबा."

"येतंय गं. चारशे झाले की लगेच कळव. झोपलो असलो तरी उठव."

सोमवारी सकाळी आईचा फोन आला. फिरायला जायचं म्हणून ते ओसरीवर बसून बूट घालत होते. एक घालून झाला होता.

*

तेरावा झाला आणि संस्थेच्या संचालकांचा फोन आला. डॉ. निंबाळकर मूळचे हाडांचे डॉक्टर. रक्तामांसाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता आणि निबंधांशी तर नव्हताच.

"ताई, शनिवारी शोकसभा ठेवली आहे. सरांची सायटेशनं किती, तो अधिकृत आकडा द्या. बॅनरवर घालायचाय."

"बॅनरवर कशाला?"

"अहो, एवढ्या लोकांनी गौरवलेला दुसरा माणूस आपल्या जिल्ह्यात आहे का? सरांच्या नावाने पुरस्कार जाहीर करतोय. आणि बंगळूरहून डॉ. चौगुले येणार आहेत बोलायला. सरांचे विद्यार्थी ना ते?"

"हो," मी म्हटलं. "विद्यार्थीच."

आकडा मी दिला, पण माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेत बसलेली आई आली. चौगुले माइकपुढे उभे राहणार, शास्त्रज्ञाच्या कोरड्या आवाजात बुचांची गोष्ट सांगणार, आणि चाळीस वर्षं देवापुढे ठेवलेल्या बर्फीचा हिशेब भर सभेत होणार. विधवा होऊन तिला अजून महिना झाला नव्हता. तेवढं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

शनिवारी सकाळी सवयीने लॅपटॉप उघडला. चारशे. चारशेवा हवाला फिनलंडहून होता. मी तो वाचला, लॅपटॉप मिटला आणि फोन उचलला. कुणाला करायचा ते लक्षात आल्यावर ठेवून दिला.

सभेच्या आधी चौगुले संस्थेच्या कॅन्टीनमध्ये एकटेच बसलेले सापडले. साठी उलटलेला, टक्कल पडलेला, साध्या शर्टातला माणूस. बशीत चहा ओतून पीत होता. इतकी वर्षं मी ज्याचा तिरस्कार केला तो यापेक्षा उंच होता.

"मंजिरीताई ना?" ते उठले. "बसा की. लहानपणी बघितलंय तुम्हाला. परकराच्या खिशात सरांचे खडू घालून पळायचा."

मी बसले नाही. "एक विनंती आहे. आज तुम्ही बोलू नका."

त्यांनी बशी खाली ठेवली. "बरं."

एवढ्यावर भांडण संपेल अशी माझी तयारी नव्हती. "का ते विचारणार नाही?"

"तुम्ही सरांची लेक. तुम्ही नको म्हणाला, मी नाही बोलत. सरांना विचारून लिवलं, तुम्हाला विचारून गप बसतो."

"बाबांना विचारून काय लिहिलंत?"

चौगुलेंनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ढकलली. या वेळी मी बसले.

"जतहून ते रक्त कोण आणायचं, माहीत आहे?" ते म्हणाले. "मी. एस्टीनं. नळ्या स्टँडमध्ये उभ्या ठेवल्या तर गाडीच्या हिसक्यानं फुटायच्या. मग मी शक्कल काढली. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात कापूस, त्यावर नळ्या आडव्या. एक फुटली नाही. सरांनी पाठ थोपटली माझी. ती चूक टिल्लूंची म्हणतात, खरं ती चौगुलेंची आहे."

"मग?"

"मग एकदा एस्टीचा संप लागला. आरोग्य खात्याची जीप मिळाली. त्यात नळ्या उभ्या ठेवायची सोय. त्या खेपेला जस्त गायब. सरांनी बोलावलं. म्हणाले, चौगुले, जतच्या बायका एका आठवड्यात बदलल्या काय रे? मी तर रडायच्या बेतात. दोघं मिळून बुचं तपासत बसलो. कळलं तेव्हा सरांनी हातातलं बूच टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, हिला सांगू नकोस. दोन वर्षं भाकऱ्या थापायला लावल्यात. आता ती माझ्या टाळक्यात थापेल."

मला हसू आलं, आणि बाबा गेल्यापासून ते पहिलंच होतं हेही लक्षात आलं.

"माझी पीएचडी तर बुडालीच होती. सगळा प्रबंध त्या जस्तावर," चौगुले पुढे म्हणाले. "मी म्हटलं, सर, दिलगिरीचं पत्र लिहून टाकू. सर म्हणाले, मी दिलगिरी लिहिली तर अर्ध्या पानात कुठंतरी कोपऱ्यात छापतील. कोण वाचतंय? उद्या कुणीतरी परत नळ्या आडव्या ठेवेल, परत भाकरीचे पवाडे गाईल. त्यापेक्षा तू लिही. मला शिव्या घालून लिही. माणसं दिलगिरी वाचत नाहीत, भांडण वाचतात."

"आणि तुम्ही घातल्यात."

"मला कुठल्या जमताहेत? मी लिहिलं होतं, 'आदरणीय डॉ. टिल्लू यांच्या मताशी आम्ही नम्रपणे असहमत आहोत.' सरांनी खोडलं. म्हणाले, हा काय निबंध आहे का मुलगी बघायचा कार्यक्रम? लाल पेन घेतलं आणि स्वतः वाक्य घातलं."

"कोणतं?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"'साफ चुकीचा आहे; तो मोहक आहे, ही त्याची दुसरी चूक.'" चौगुले कपाकडे बघत म्हणाले. "मी हातापाया पडलो. सर, एवढं नको, लोक मला कृतघ्न म्हणतील. म्हणाले, म्हणू देत, तुला नोकरी लागेल. लागली. लोकांनी पण म्हटलं."

म्हणणाऱ्या लोकांमध्ये मी होते.

"दर शंभरीला फोन यायचा सरांचा," चौगुले म्हणाले. "चौगुले, तीनशे झाले. शिव्या चालू ठेवा."

*

सभागृह भरलं होतं. मंचावर बाबांचा फोटो, हार आणि मागे बॅनर: 'जगातील ३९९ शास्त्रज्ञांनी गौरविलेले'. मी आईच्या शेजारी बसले. चौगुले दोन खुर्च्या सोडून बसले आणि आपला घसा धरल्यामुळे बोलता येणार नाही असं त्यांनी निवेदकाला कळवलं.

डॉ. निंबाळकर बोलायला उठले. त्यांनी बाबांचा जन्म, शिक्षण, साधी राहणी एका दमात संपवली आणि मुद्द्यावर आले.

"जतच्या भाकरीत जस्ताचा खजिना आहे, हे टिल्लूसरांनी साऱ्या जगाला दाखवून दिलं. आज जग भरड धान्याकडे वळतंय. पण आमच्या सरांनी ते चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपल्या वसतिगृहाच्या मेसमध्ये सोमवारपासून ज्वारीची भाकरी सुरू होत आहे."

मागच्या रांगांतून विद्यार्थ्यांचा एक सुस्कारा आला. चौगुलेंनी डोळे मिटून घेतले. माझ्या शेजारी आईने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, जायचं का बाहेर?"

ती माझ्या कानाशी आली. डोळ्यांत पाणी होतं खरं, पण ती हसत होती. "अगं, ते बुचांचं यांना अजून कुणी सांगितलं नाही का?"

मी तिच्या पाठीवरचा हात काढला. "तुला माहितीय?"

"मला नाही तर कुणाला? ती मेली बुचं आपल्याच कुकरमध्ये उकळायचे. संस्थेचं बुचं उकळायचं यंत्र बिघडलेलं. आठवडाभर वरणाला रबराचा वास. मग एके दिवशी बुचं यायची थांबली आणि त्याच दिवशी जेवताना म्हणाले, आज पोळ्या कर, कुमुद. मी काय खुळी आहे?"

"आणि एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलायचं?" आईने डोळे पुसले. "बर्फी घेऊन यायचे तेव्हा चेहरा बघितलायस का त्यांचा?" मग म्हणाली, "तू तरी कुठं बोललीस? मला वाटलं, तुला माहीत नाही. तुझ्यासमोर कशाला त्यांना पाडायचं."

तेवढ्यात निवेदकाने माझं नाव पुकारलं. कुटुंबीयांच्या वतीने दोन शब्द. मी दोन पानं लिहून आणली होती. प्रेमळ पिता, वाचनाची गोडी, शिस्त. ती पर्समध्येच राहिली.

मंचावर गेल्यावर सभेकडे तोंड करायचं असतं. पण बाबांचा फोटो बाजूलाच होता आणि संस्थेच्या फोटोग्राफरने ते नेमके काहीतरी वात्रट बोलायच्या आधी टिपले होते. कोणी उत्तर दिल्याशिवाय तो चेहरा मिटला नसता. मी माइक हातात घेतला आणि त्यांच्याकडे वळले.

"बाबा," मी म्हटलं, "चारशे झाले."

डॉ. निंबाळकरांनी चटकन बॅनरकडे बघितलं.

"जपानी नव्हता. फिनलंडची बाई आहे. काय लिहिलंय ते इतकी वर्षं तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. तुम्ही चुकला होतात. साफ चुकला होतात. मोहक होतात ते वेगळं."

सभागृहात कोणीतरी खोकायचं थांबलं. पहिल्या रांगेत चौगुले मान खाली घालून बसले होते. त्यांच्या शेजारी सरकून बसलेल्या आईने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

"पूर्वी लोक तुमच्याशी भांडायला तुमचं नाव घ्यायचे," मी म्हटलं. "आता भांडत नाहीत. एक ओळ लिहितात आणि पुढे जातात. हिनेही तेवढीच लिहिलीय. तुमचं नाव, साल, आणि 'नळ्या उभ्या ठेवल्या'. चारशे जणांनी तुम्हाला चूक म्हटलंय, बाबा. आणि आता कुणीही नळी आडवी ठेवत नाही."